हसऱ्या चेहऱ्यांचा अहवाल: किशोरींच्या आहार-ॲपची एक चाचणी

ॲप तयार होतं. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींसाठी, मराठीत, मोफत. उंची-वजन भरलं की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याचा आकडा, दिवसभराचं खाणं भरलं की लोह-प्रथिनांच्या पट्ट्या, पाळीचं कॅलेंडर, लोहाच्या गोळीची आठवण आणि रोजचं एक कोडं. ते बनवून घेणाऱ्या संस्थेकडे चाचणीचा अहवालही होता. बनवणाऱ्या कंपनीची माणसं एका शाळेत गेली, मुलींना ॲप हाताळायला दिलं आणि शेवटी पाच चेहऱ्यांची पट्टी पुढे केली, रडक्यापासून खूप हसऱ्यापर्यंत. जवळपास सगळ्या जणींनी सगळ्यात हसरा चेहरा निवडला. मग ॲप शाळांमध्ये गेलं आणि बहुतेक मुलींनी ते आठवडाभरातच उघडायचं सोडून दिलं. संस्थेला पडलेला प्रश्न सरळ होता: आवडलं म्हणतात, तर वापरत का नाहीत?

नव्यानं चाचणी करायचं काम आमच्याकडे आलं. शाळा सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढ्याच्या बाजूची. माध्यमिक आणि जोडून कनिष्ठ महाविद्यालय. ज्वारीचा मुलूख. संस्था, शाळा आणि ॲप यांची नावं इथं देत नाही, कारण मुली सहज ओळखू येतील इतकं गाव लहान आहे.

हसऱ्या चेहऱ्यांबद्दल आम्हाला नवल वाटलं नाही. बंगळुरूमध्ये झालेला आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात लोकांना दोन हुबेहूब सारख्या गोष्टी दाखवल्या आणि त्यांतली एक मुलाखत घेणाऱ्यानं स्वतः बनवलीय असं भासवलं. लोकांनी ती पसंत करण्याची शक्यता अडीच पट निघाली. मुलाखत घेणारा परदेशी आणि सोबत दुभाषा असेल, तर पाच पट. तिथं उत्तर देणारी मोठी माणसं होती. इथं नववीतली मुलगी, समोर शहरातून आलेले सर, बाजूला वर्गशिक्षिका. ती दुसरा कुठला चेहरा निवडणार? पाहुण्यानं विचारलं की चहा छानच झालेला असतो.

तयारी

म्हणून पहिला निर्णय असा घेतला की मत विचारायचंच नाही. काम द्यायचं आणि बघायचं.

दुसरा निर्णय जागेचा. मुख्याध्यापकांनी प्रेमानं त्यांची खोली देऊ केली होती. पंखा होता, टेबल होतं. आम्ही शिवणकामाची खोली मागून घेतली. तिथं मुली एरवीही खाली बसून गप्पा मारत असतात आणि शिक्षक कारणाशिवाय येत नाहीत. फोन आम्ही नेले ते मुद्दाम जुने, कमी मेमरीचे, एकाची काच तडकलेली. नव्याकोऱ्या महागड्या फोनवर या ॲपची चाचणी घेऊन काहीच कळलं नसतं.

तिसरा निर्णय सगळ्यात उपयोगी पडला. मुली एकेकट्या बसवल्या नाहीत, मैत्रिणींच्या जोड्या बसवल्या. चाचणीच्या शास्त्रात माणसाला ‘मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा’ असं सांगायची जुनी रीत आहे. अनोळखी माणसासमोर एकटी मुलगी तसं बोलत नाही. ती गप्प बसते आणि अंगठा स्क्रीनवर अधांतरी धरून ठेवते. दोन मैत्रिणी एका फोनवर वाकल्या की बोलणं आपोआप होतं: ‘अगं तिथं नाही, खाली दाब’, ‘हे काय विचारतंय?’ आम्हाला फक्त लिहून घ्यायचं होतं.

कामं गोष्टीतून दिली. मुंबईत काम केलेल्या अपला लाहिरी चव्हाण यांनी यासाठी ‘बॉलिवूड पद्धत’ रूढ केली. आपल्याकडचे लोक पाहुण्यांपुढे वस्तूला नावं ठेवत नाहीत, हे ओळखून त्यांनी सहभागींना थेट सिनेमात शोभेल असा प्रसंग दिला: भाचीचं लग्न ठरलंय, नवरा मुलगा गुंड निघालाय, लग्न थांबवायचं तर आत्ताच्या आत्ता विमानाचं तिकीट काढायला हवं. माणूस प्रसंगात शिरला की भीड गळते आणि संकेतस्थळाला शिव्या घालायला लागतो. आमची गोष्ट साधी होती. सोनाली नावाची मुलगी परिपाठाला चक्कर येऊन पडते. आठवड्यावर मामाचं लग्न, त्यात पाळीची तारीख कधी येतेय कळत नाही, आईला विचारायची सोय नाही, हातात दादाचा फोन दहा मिनिटांसाठी आलाय. आता या ॲपमधून तिला काय मिळतं ते शोधा. सोनालीबद्दल मुली जे बोलल्या ते स्वतःबद्दल कधीच बोलल्या नसत्या.

संमतीबद्दल थोडंच लिहितो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि तिची माहिती घ्यायला पालकांची संमती मागतो. पालकसभेत आयांचा प्रश्न एकच होता: फोटो काढणार का? नाही म्हटल्यावर सह्या झाल्या. पण पालकांची सही असली तरी मुलीलाही वेगळं विचारलं, आणि मधेच उठून जायची मुभा आहे हे दोनदा सांगितलं. दोघी-तिघी खरंच उठून गेल्या. ते बरंच झालं. मुभा खरी आहे हे बाकीच्यांना दिसलं.

किती मुली घ्यायच्या यावर संस्थेशी थोडी घासाघीस झाली. त्यांना मोठा आकडा हवा होता. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांचा पाच जणांचा ठोकताळा प्रसिद्ध आहे: एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, म्हणून पाच जणांत साधारण ८५ टक्के बाहेर येतात. पण तो एकसारख्या वापरणाऱ्यांच्या एका गटापुरता आहे. आम्ही गट पाडले ते इयत्तेनुसार आणि घरातल्या फोननुसार. फोन स्वतःच्या हातात असणारी मुलगी आणि भावाकडे मागणारी मुलगी या दोन वेगळ्या वापरणाऱ्या आहेत, भले दोघी एकाच बाकावर बसत असोत.

पहिला उंबरठा

ॲप उघडलं की मोबाइल नंबर मागायचं, मग ओटीपी. आम्ही दिलेल्या फोनवर सिमकार्ड होतं, त्यामुळे ही पायरी पार झाली. पण घरी काय होईल असं सोनालीच्या निमित्तानं विचारलं तेव्हा खोलीत हशा पिकला. नंबर पप्पांचा, ओटीपी पप्पांच्या फोनवर, पप्पा रानात. संध्याकाळी ते आल्यावर ‘कसला मेसेज हा?’ पासून सुरुवात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी साधारण ३२ टक्के जणींकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. म्हणजे तीनपैकी दोघींसाठी हे ॲप दारातच अडतं. कंपनीच्या आधीच्या चाचणीत ही पायरी दिसलीच नव्हती, कारण त्यांच्या माणसांनी फोन आधीच लॉगिन करून दिले होते.

नाव भरताना इंग्रजी कीबोर्ड समोर आला. बऱ्याच जणींनी माइकची खूण दाबून नाव बोलून टाकलं. टायपिंगपेक्षा बोलणं त्यांना सवयीचं आहे, यूट्यूबवर त्या तसंच शोधतात. अन्नपदार्थ शोधायच्या जागी मात्र ॲपनं माइक बंद ठेवला होता. का, ते कंपनीलाही सांगता आलं नाही.

भाकरी किती ग्रॅम?

सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त करमणूक झाली ती खाण्याच्या नोंदीत.

‘काल दिवसभर काय खाल्लं ते भर’ एवढंच काम. ‘भाकरी’ शोधलं तर ‘बाजरा रोटी’ आली. ज्वारीच्या मुलखात ज्वारीची भाकरी सापडेना. एका जोडीला ती ‘सोरघम’ खाली सापडली तेव्हा दोघींनी ते नाव तीन-चार वेळा मोठ्यानं वाचून बघितलं. सापडल्यावर पुढचा प्रश्न: किती ग्रॅम? भाकरी कुणी वजन करून खात नाही. अर्धी असते, चतकोर असते, दीड असते; शिवाय आज्जीची भाकरी आणि आईची भाकरी सारख्या जाडीची नसते. कालवणासाठी वाटीचं चित्र होतं, पण कालवण ताटातच घेऊन भाकरी कुस्करणाऱ्या मुलीला वाट्या मोजता येत नाहीत. शेंगाची चटणी यादीत होती ती चमच्यांत, आणि तीही दक्षिणेकडची, खोबरं घातलेली.

मग जेवणाच्या वेळा. ॲपमध्ये नाश्ता आठ वाजता, दुपारचं जेवण एक वाजता, संध्याकाळचा खाऊ पाच वाजता. या मुली सकाळी चहाबरोबर चपाती किंवा बिस्किट खातात आणि शाळेला निघायच्या आधी, दहाच्या सुमाराला, भाकरी खातात. ते जेवण की नाश्ता? कुठंही भरलं तरी एक रकाना रिकामा राहायचा आणि तो लाल व्हायचा: ‘तुम्ही नाश्ता चुकवला!’ उद्गारचिन्हासकट. गुरुवारचा उपास, एकादशी, नवरात्र यांचा तर ॲपला पत्ताच नव्हता.

याच टप्प्यावर एका मुलीनं शांतपणे ‘दूध’ आणि ‘सफरचंद’ भरलं. शेजारची मैत्रीण फिस्सकन हसली: ‘कुठलं सफरचंद गं?’ ही उत्तर देईना. मग म्हणाली, ‘लाल दिसतंय ना नाहीतर.’ आमच्या टिपणांतलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य ठरलं. एकटी बसली असती तर ही नोंद आम्ही खरी धरून चाललो असतो, आणि संस्थेच्या डॅशबोर्डवर सोलापूरच्या मुलींच्या आहारात फळांचं प्रमाण वाढल्याचा आलेख उमटला असता.

लोहाच्या पट्टीचंही तसंच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह हवं, १६ ते १८ वयात ३२. आकडा बरोबर होता, ॲपनं तोच घेतला होता. पण ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये लोह असतं साधारण ४ मिलिग्रॅम. भाकरी, आमटी आणि एखादी पालेभाजी खाल्लेल्या दिवशी ती पट्टी अर्ध्याच्या पुढे जाणं कठीण. रोज प्रामाणिकपणे भरणाऱ्या मुलीला रोज नापासाचा निकाल. जी खोटं भरते तिला हिरवं बक्षीस. त्यापेक्षा जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस, ताटात लिंबू किंवा आवळा असू दे, मोड आलेली मटकी किंवा आळिवाचा लाडू जमतो का बघ, एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. ही माहिती ॲपमध्ये होती, चौथ्या पातळीवरच्या एका लेखात. तिथवर एकही जोडी पोचली नाही.

लाल रंगाची दुसरी जागा

बीएमआयचा भाग आम्ही ‘वापरसुलभतेच्या’ यादीत धरावा की नाही यावर आमच्यातच वाद झाला. बटणं नीट चालत होती. उंची-वजन भरलं की लगेच आकडा, त्याखाली रंगीत पट्टी. अडचण त्या पट्टीच्या हद्दींत होती. ॲपनं १८.५ च्या खाली ‘कमी वजन’ हा प्रौढांचा नियम सरसकट लावला होता. चौदा वर्षांच्या एका मुलीचा आकडा १७ च्या थोडा वर आला आणि स्क्रीन लाल झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या वाढ-संदर्भानुसार या वयाच्या मुलींचा मध्य साधारण १९.६ आहे आणि कृशतेची सीमा साधारण १५.४. ही मुलगी चांगलीच आतल्या बाजूला होती. ॲपनं तिला धडधाकट असताना आजारी ठरवलं. तिनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि पुढच्या कामाला हात लावला नाही. मैत्रिणीनंच पुढचं केलं.

माझं मत तेव्हाही स्पष्ट होतं आणि आजही आहे. वाढीच्या वयातल्या मुलीला पहिल्याच पानावर शरीराचा आकडा आणि रंग दाखवणारं ॲप, त्याची हद्द बरोबर असली तरी, नको. वजन कमी दिसलं काय की जास्त, मुलगी त्या आकड्याचं पुढे काय करते हे बघायला आपण तिथं नसतो.

दादाच्या फोनवरची पाळी

पाळीचं कॅलेंडर मुलींना मनापासून हवं होतं. सोनालीच्या गोष्टीतला लग्नाचा धागा सगळ्यांनी इथंच पकडला, आणि तारीख भरायचं काम एकाही जोडीला अडलं नाही. मग आम्ही फोन बंद करून खाली ठेवला आणि आधी लावून ठेवलेली सूचना वाजू दिली. बंद स्क्रीनवर लाल थेंब आणि वाक्य: ‘तुमची पाळी दोन दिवसांत येणार आहे.’ नववीच्या गटात एकदम शांतता. अकरावीतली एक जण म्हणाली, ‘हे दादाच्या फोनवर आलं तर मी ॲपच काढून टाकणार.’

उपायही त्यांनीच सुचवले. सूचना ‘गणिताचा गृहपाठ’ अशी यावी. थेंबाऐवजी पान किंवा तारा असावा. उघडताना चार आकडी पिन, आणि बहिणीची वेगळी, माझी वेगळी. हे शेवटचं मागणं ऐकताना मला ‘ओकी’ आठवलं. युनिसेफनं इंडोनेशिया आणि मंगोलियातल्या मुलींना सोबत घेऊन बनवलेलं हे पाळीचं ॲप एकाच फोनवर अनेकींना आपापल्या पासवर्डनं वापरता येतं आणि इंटरनेटशिवाय चालतं. तिथल्या मुलींनाही फोन वाटून घ्यावा लागत होता. सोलापूरची मुलगी त्यांना न भेटताच त्याच उपायापाशी पोचली.

गोळीच्या आठवणीतली चूक मात्र मुलींना दिसण्यासारखी नव्हती. शाळेत आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, जेवणानंतर निळी गोळी मिळते: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. ॲप मात्र रोज रात्री नऊला ‘आजची गोळी घेतली का?’ विचारायचं. शोध घेतल्यावर कळलं की मजकूर गरोदर बायांच्या पत्रकातून उचलला होता. त्यांची लाल गोळी रोजची असते. आणि मुलींना ज्या गोष्टीची खरी भीती होती, म्हणजे मळमळ आणि काळी शी, त्यावर ॲपमध्ये अक्षर नव्हतं. त्यामुळेच काही जणी गोळी जिभेखाली ठेवतात आणि बाहेर आल्यावर टाकून देतात. हेही सोनालीच्याच नावावर कळलं.

गुण आणि शिकवणी

संस्थेला अहवालात आकडा हवाच होता. सिस्टिम यूजेबिलिटी स्केल ही, वस्तू वापरायला किती सोपी वाटते ते मोजणारी, दहा विधानांची प्रश्नावली जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये केली. शंभरपैकी गुण, सरासरी ६८ च्या आसपास. ती आम्ही सोप्या मराठीत करून एका गटाला दिली. तिच्यातलं एक विधान सुलटं, पुढचं उलटं असतं. ‘हे ॲप सोपं आहे’: सहमत. ‘हे ॲप उगाच अवघड केलंय’: सहमत. दोन्हीला त्याच मुलीची तीच खूण. प्रौढांसाठी केलेली पट्टी मुलींपुढे ठेवली की असं होतं. तो आकडा आम्ही अहवालात घातला नाही आणि का नाही ते लिहिलं.

त्याऐवजी दुसरं केलं. ज्या जोड्यांनी ॲप हाताळलं होतं त्यांना म्हटलं, आठवीच्या दोघींना हे शिकवा. शिकवताना माणूस मतं देत नाही, वाट दाखवतो, आणि कुठली वाट टाळायची हेही दाखवतो. शिकवणाऱ्या मुली थेट कोड्यावर गेल्या, मग कॅलेंडरवर. खाण्याची नोंद जवळपास सगळ्यांनी ‘ते नंतर बघ’ म्हणून सोडली. बीएमआयसाठी वजनाच्या रकान्यात काय भरायचं हेही शिकवलं: ‘पंचेचाळीस टाक, म्हणजे हिरवं येतं.’

पुढे काय झालं

कंपनीनं बऱ्याच गोष्टी तक्रार न करता बदलल्या. पिन आणि एका फोनवर अनेक खाती आली, सूचनेचा मजकूर मुलीला निवडता येऊ लागला, रोजची गोळी आठवड्याची झाली, माइक सगळीकडे सुरू झाला. बीएमआय पहिल्या पानावरून गेला. आता तो वयानुसार, रंगाशिवाय, फक्त मागितला तर दिसतो. ‘डॉक्टरांना भेटा’ एवढंच सांगणाऱ्या कार्डावर ग्रामीण रुग्णालयातल्या, किशोरवयीन मुलामुलींसाठीच्या मैत्री क्लिनिकची माहिती आणि ‘आशाताईला सांग’ हे वाक्य आलं.

अडलं ते ओटीपीवर. निधी देणाऱ्यांना ‘किती मुली वापरतात’ हा आकडा मोबाइल नंबरांवरून मोजायचा होता. नंबर नसेल तर एकच मुलगी दहा वेळा मोजली जाईल, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. आमचं म्हणणं असं की आत्ता मोजले जाताहेत ते पप्पा. बैठका लांबल्या. शेवटी नंबर ऐच्छिक झाला, आणि संख्येसाठी शाळेनं वर्गवार दिलेल्या कोडवर भागवायचं ठरलं. निधी देणारे यावर खूश नाहीत.

खाण्याची नोंद सध्या बंद ठेवली आहे. तिच्या जागी काय हवं ते अकरावीच्या मुलींनी वहीच्या पानावर लिहून दिलं: उपासाच्या दिवशी काय खावं, एसटीच्या वेळेमुळे सकाळचं जेवण राहिलं तर दप्तरात काय ठेवावं, आणि गोळीनं मळमळलं तर काय करावं. पहिल्या दोन कार्डांचा मजकूर तयार आहे. तिसरं तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे तपासायला गेलं आहे.